घाबरून दिलेलं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला अंधाऱ्या खड्ड्यात उतरायची भीती कधी वाटली नव्हती. पण त्या रविवारी प्रार्थनेहून परतताना स्वतःच्या घराचा साधा जिना चढताना तो प्रत्येक पायरीवर थांबत होता. कारण तासाभरापूर्वी त्याने आपली एकुलती एक मुलगी देवाला देऊन टाकली होती. तेही चारचौघांत, चांगल्या मोठ्या आवाजात.

झालं होतं असं. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चच्या छोट्याशा मंडळीत एक रीत होती. प्रत्येकाने उभं राहायचं, ज्यात आपला जीव अडकलाय अशी एक गोष्ट सांगायची आणि ती देवाला वाहून खाली बसायचं. ऐकायला भारी वाटतं, पण माणसं बेरकी असतात. एका काकांनी साखर सोडली, जी डॉक्टरांनी आधीच बंद केली होती. एका आजीने सुनेशी भांडणं सोडलं, त्यावर सुनेनेच सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं. मिस्त्रीने टीव्हीवरच्या मॅच सोडायचं पक्कं केलं होतं. पण त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या गवंड्याने मॅचच सोडल्या! आता तेच पुन्हा कसं म्हणायचं? सगळे त्याच्याकडे बघताहेत, डोक्यात दुसरं काही येईना, आणि तोंडातून निघून गेलं, "माझी मुलगी. ती माझा जीव की प्राण आहे. तीही प्रभूचीच."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असं अर्पण मी आजवर ऐकलं नव्हतं हो." खोटं कशाला सांगू, मिस्त्रीची छाती फुगली. त्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

आणि मग दाराशी बूट घालताना त्याला आठवलं की गुरुवारी मुलीचं ऑपरेशन आहे.

मुलीला घरात खारू म्हणत, कारण ती खारीसारखी घास गालात धरून बसायची. तिच्या हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून एक बारीक भोक होतं. धावली की ओठ निळे पडायचे. ते भोक बुजवायचं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता उशीर नको. ऑपरेशनआधी सर्दी-खोकला लागू नये म्हणून त्या रविवारी खारू आणि तिची आई घरीच राहिल्या होत्या. मिस्त्रीने काय पराक्रम केलाय, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

त्या दिवसापासून मिस्त्री एकच विचार करत राहिला. देवाने ऐकलं असेल का? ऐकलंच असणार, इतकी वर्षं आपण सगळ्यांना तेच तर सांगत आलो. मग आता तो घेणार. गुरुवारी, टेबलावर. मिस्त्री कामावर गेला, पण एकाच बोल्टवर पाना तीनदा घसरला. जेवणाचा डबा तसाच परत आला. तो मनातल्या मनात गयावया करायचा, "देवा, चुकून बोललो रे, मॅच घे, टीव्हीच घे." मग त्याला वाटायचं, आपण देवाशी बाजारात घासाघीस करतोय, आणि तो आणखीच घाबरायचा.

मंगळवारी त्याने गच्चीवर जाऊन हॉस्पिटलला फोन लावला. मुलीला ताप आलाय म्हणाला. तिकडून सांगितलं, मग ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. मिस्त्रीने पायरीवर बसून सुटकेचा श्वास घेतला. वाचलो बुवा, त्याला वाटलं. मुलगी वाचली.

संध्याकाळी हॉस्पिटलने ताप उतरला का विचारायला घरी फोन केला, आणि तो नेमका बायकोने उचलला.

"कसला ताप?" फोन ठेवून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, मी विचारतेय, कसला ताप?"

त्याने सगळं सांगितलं, गवंड्यापासून पाळकांपर्यंत. ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडत गेला.

"तुम्ही देवाला समजता तरी काय? वसुलीवाला? तुमच्या तोंडून निसटलं म्हणून दारात येऊन उभा राहणारा?"

"शब्द दिलाय मी."

"मग पाळा ना! देवाच्या हातात दिली म्हणता, आणि डॉक्टरच्या हातात द्यायला हात थरथरतो? कुलूप लावून ठेवलीत पोरीला आणि म्हणता दिली! मला भीती वाटत नाही असं वाटतं तुम्हाला? मी रोज रात्री तिच्या नाकासमोर बोट धरून बघते."

तेवढ्यात दार किरकिरलं. खारू उभी होती. तिने किती ऐकलं हे विचारायची गरजच नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "देवाला माझी नवी सायकल दे ना. मी अजून चालवलीसुद्धा नाही. मला नको देऊ."

दोन दिवस मिस्त्री स्वतःच्या भीतीत असा बुडाला होता की आपण पोरीच्या मनात कसला देव बसवतोय, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो खाली बसला.

"खारू, देवाने तुला मागितलं नव्हतं. बाबाने फुशारकी मारली. सगळ्यांनी वा वा म्हणावं म्हणून."

"मग तो मला नेणार नाही ना?"

नाही म्हणून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण पुन्हा एकदा आपल्या अधिकारात नसलेलं बोलायचं धाडस त्याला झालं नाही. "ते माझ्या हातात नाही गं," तो म्हणाला. "पण तू माझ्यापेक्षा त्याची जास्त लाडकी आहेस. एवढं मला माहीत आहे." बायकोने फोन उचलला आणि ताप नसल्याचं हॉस्पिटलला कळवून टाकलं.

गुरुवारची वेळ अजून कुणाला दिलेली नव्हती.

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मिस्त्रीने तिला कडेवर नेलं. हिरव्या झग्यात ती नेहमीपेक्षा हलकी लागत होती. जमिनीवर एक लाल पट्टी होती. नर्स म्हणाली, "बाबा, तुम्ही इथपर्यंतच."

खारूने त्याच्या मानेला घट्ट मिठी मारली. "तू मला पुन्हा देतोयस?" तिने कानात विचारलं.

"हो."

"फुशारकी?"

"नाही गं. या वेळी खूप घाबरून देतोय."

तिने जरा विचार केला. "मी पण घाबरलेय," ती म्हणाली, आणि शर्ट धरलेली बोटं सैल केली.

त्याला मोठी प्रार्थना सुचली नाही. परत हवी आहे मला ही, देवा, एवढंच तो म्हणाला, आणि सोडली. नर्स तिला घेऊन आत गेली. दार बंद झालं.

तो पट्टीशीच उभा राहिला. त्याचे हात अजून कडेवर मूल असल्यासारखेच वाकलेले होते. बायको जवळ आली, तिने ते एकेक करून खाली केले आणि त्याला बाकावर नेऊन बसवलं.