सात नंबरच्या गोठ्यातली नावं

विजयकुमार सौदीत गोसेवा करतो, असं त्याच्या आईने नाशिकला सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं. अगदीच खोटं नव्हतं ते. अल खर्जच्या डेअरीत सहा हजार गायी, आणि त्यांचं दूध, वेतं, औषधपाणी या सगळ्याची नोंद विजयकुमारच्या कॉम्प्युटरमध्ये. आईला फक्त शनिवारची यादी ठाऊक नव्हती. दर शनिवारी सकाळी, दूध आटलेल्या आणि पाय गेलेल्या गायींचे नंबर काढून तो मॅनेजरकडे पाठवी आणि दुपारी कसाईखान्याचा ट्रक येई. विजयकुमार कधी त्या बाजूला फिरकला नाही. केकमध्ये अंडं असेल तर ताट बाजूला सारणारा माणूस तो. "मी फक्त नंबर पाठवतो," असं तो बायकोला, चारुताला, सांगे आणि निवांत झोपे.

२००५ साली शेजारच्या बंगल्यात ओताकार राहायला आला. चेक शेतकरी. बरोबर बायको व्लास्ता आणि नऊ वर्षांची मुलगी यित्का. ओताकारच्या वडिलांचं शेत आणि चार गायी कम्युनिस्ट सरकारने सामुदायिक शेतीत ओढून नेल्या होत्या. पुढे राज्य बदललं, शेत परत मिळालं, पण गोठ्याला छप्परच उरलं नव्हतं. ते छप्पर घालायला गडी वाळवंटात आला होता. चार वर्षं इथे टिकायचं, मग घरी जाऊन स्वतःच्या गायी बांधायच्या, एवढंच त्याचं स्वप्न. आणि टिकणं अवलंबून होतं, तो सुपरवायझर होता त्या सात नंबरच्या गोठ्याच्या दुधावर. दूध घटलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, बायको-मुलीसकट.

पण कंपनीला त्याचं कोण कौतुक! पाहुणे आले की "आमचे युरोपियन एक्स्पर्ट" म्हणून त्याला पुढे उभं करायचे. विजयकुमार आपल्या पदवीसह आणि बारा वर्षांच्या नोकरीसह मागच्या रांगेत. तो जळत होता, उगाच कशाला लपवा. व्लास्ता खजूर भरलेले गोड पाव घेऊन यायची, तेव्हा चारुता विचारायची, "अंडं आहे का?" ती बिचारी प्रामाणिकपणे "चार" म्हणायची आणि पाव गोठ्यातल्या ताजुद्दीनकडे रवाना व्हायचे.

ओताकारच्या वडिलांकडे चार गायी, चौघींना नावं. इथे साडेतीनशे, तर साडेतीनशेंना नावं. रूझेना, मालिना, स्त्राका... गावातल्या सगळ्या मावश्या-काकवा त्याने दावणीला आणल्या आणि खडूने पाट्यांवर लिहिल्या. गोठ्यातले गडी ताजुद्दीन आणि कादिर सुरुवातीला हसले, पण मग तेही "चल रूझेना, चल बेटी" करू लागले. पांढऱ्या कानाच्या एका गायीचं नाव यित्काने ठेवलं बबिच्का, म्हणजे आजी. शाळेतून आली की दप्तरासकट पोरगी आजीपाशी.

आणि सात नंबरचं दूध वाढलं.

मॅनेजर यासीन हरखून गेला. "यल्ला, चला, सगळ्या गोठ्यांत नावं द्या!" नावांचा कॉलम घालायचं काम अर्थातच विजयकुमारच्या गळ्यात आलं. चेक नावं संपली तेव्हा त्याने घरची भरायला घेतली. वनमाला आत्या, कुमुद मावशी, झालंच तर सासूबाई सुशीला. सासूबाईंना गोठ्यात बांधताना त्याला जरा गुदगुल्याच झाल्या.

पुढच्या दोन याद्यांत सगळी चेक नावं होती, ती त्याने खुशाल पाठवली. तिसऱ्या शनिवारी मात्र स्क्रीनवर आलं : वनमाला. सुशीला. बबिच्का.

विजयकुमारचं बोट माऊसवर अडकलं. वनमाला आत्याने त्याला लहानपणी मांडीवर घेऊन दूधभात भरवला होता. तो तडक ओताकारकडे गेला. हा तरी रडेल, विनवेल, मग आपल्याला यादी थांबवायला निमित्त मिळेल, असा त्याचा होरा होता.

ओताकारने बबिच्काचा सुजलेला खूर हातात घेऊन पाहिला. "हा पाय आता बरा होत नाही. जाऊ दे तिला."

"अरे, तुझ्या मुलीने नाव दिलंय तिला!"

"म्हणून तर मी स्वतः सोडायला जाणार. घरी वडील नाव घेऊन निरोप द्यायचे आणि मग कापायचे. कुणाला खातोय, ते ठाऊक नको?"

दुपारी तो ट्रकपाशी उभा राहिला. प्रत्येक गायीच्या कपाळावर हात ठेवून तिचं नाव घेत होता. वनमालाचंही घेतलं, अडखळत, पण पुरतं घेतलं. यित्का बापाच्या बाहीला नाक पुसत हुंदके देत होती, पण तिथून हलली नाही. विजयकुमारने ऑफिसचा पडदा ओढून घेतला.

रविवारी त्याने यासीनला सांगितलं, नावांमुळे सिस्टीम स्लो होते. यासीनचा उत्साह एव्हाना ओसरलाच होता. कॉलम गेला, पाट्या पुसल्या गेल्या.

"विजय, असं करू नकोस," ओताकार ऑफिसात येऊन म्हणाला. "नंबरला कोणी प्रेमाने हाक मारत नाही. माझं दूध घटेल."

"कंपनीची पॉलिसी आहे," विजयकुमार म्हणाला, आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

दूध घटलं. उन्हाळ्याने म्हणा, नाहीतर आणखी कशाने. दोन महिन्यांनी यासीनचं फर्मान आलं : ज्यांच्या गोठ्याचं दूध उतरलंय, त्या सुपरवायझरांचे नंबर काढा. विजयकुमारने काढले. पाच नंबर, चहा निवायच्या आत. त्यात २२१८ होता. तो कुणाचा, हे पाहायला आणखी एक क्लिक लागला असता.

आठ दिवसांनी शेजारच्या दारात विमानतळावर नेणारी गाडी उभी राहिली. व्लास्ताने आपल्या कुंड्या चारुताच्या ओट्यावर आणून ठेवल्या आणि वर पावांचं ताट. "नो एग्ज," यित्का म्हणाली. चारुताने ताट घेतलं आणि तिला रडू आवरेना.

ओताकारने विजयकुमारचा हात हातात घेतला. "यादी कुणी काढली रे?"

"सिस्टीमने."

"त्याचं नाव काय?"

विजयकुमारने हात सोडवून घेतला. चारुता डोळे पुसायचं थांबून नवऱ्याकडे बघू लागली. मग ओताकारने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ट्रकपाशी गायींचं घेतलं होतं तसं सावकाश, पुरतं नाव घेतलं, "विजयकुमार," आणि तो गाडीत जाऊन बसला.