भोंगा बंद झाला त्या सकाळी

शांतता कशी असते, हे काकूंना त्या सकाळी कळलं. गॅलरीत दोरीवर दुपटी घालता घालता त्यांनी हात थांबवला आणि कान दिला. समोरच्या बेकरीच्या फाटकाशी ना ट्रकची घरघर, ना ती मेली टीं-टीं, ना आरडाओरडा. आत पाळण्यात लेकीचं बाळ मुठी वळून झोपलं होतं. दिवस भरायच्या आत आलेलं, ओंजळीत मावेल एवढा जीव. मैद्याचा ट्रक गल्लीत शिरला की ते असं दचकायचं, की मग दूध प्यायचं नाव नको. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "याला औषध एकच, झोप."

मग काकू काय हातावर हात ठेवून बसणार? शिलाई मशीनवर फडकं टाकून त्या पालिकेच्या पायऱ्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. कपडे शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "माप मागून घेते, आधी अर्जावर सही करा." नातवासाठी आजी काय करत नाही! शेवटी पालिकेला पाझर फुटला. नियम निघाला: सकाळी आठच्या आत गल्लीत ट्रकचं इंजिन चालू नको, मागे घेतानाचा भोंगा नको, माल उतरवताना हाका नकोत. मोडेल त्याला दंड. नाक्यावर पाटी लागली तेव्हा काकूंनी रस्त्यातच डोळे मिटून देवाला हात जोडले.

हाका म्हणजे कुणाच्या, हे सांगायला नको होतं. बेकरीवाल्याचे वडील, अण्णा. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, पण देवानं गळा असा दिला होता की तिसऱ्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. पोरं त्यांना 'भोंगा' म्हणायची आणि अण्णा त्याला 'ओ' द्यायचे. ट्रक वरच्या रस्त्यावरून उतारानं मागे मागे यायचा. त्याची टीं-टीं कानावर पडली की अण्णा फाटकात मधोमध मांडलेल्या स्टुलावरून उठायचे, बाजूच्या खांबाला पाठ लावायचे आणि सुरू व्हायचे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" भिंतीवर आपटून टीं-टीं कशी परत येते, त्यावरून गाडी किती जवळ आली हे त्यांना कळायचं. ड्रायव्हर आरशापेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवायचा. डोळसाच्या गाडीला आंधळ्याचे डोळे!

आदल्या संध्याकाळी काकू पाव घ्यायला गेल्या तेव्हा बेकरीवाल्यानं टोमणा मारलाच होता. "या काकू, जिंकलात. आमच्या अण्णांच्या तोंडाला कुलूप घातलंत, किल्लीही घरी नेली असेल."

काकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून अण्णाच गरजले, "तू गप रे! पोरी, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. बाळ झोपेल ना? मग झालं तर. देवानं मला ओरडायला उभा जन्म दिला, आता जरा त्याच्याही कानांना विसावा."

असा माणूस. दुसरा कुणी असता तर शिव्या दिल्या असत्या.

तर त्या सकाळी काकूंनी गॅलरीतून खाली पाहिलं. अण्णा नेहमीसारखे स्टुलावर बसले होते. ओरडायची बंदी झाली म्हणून काय, गाडीची वाट बघायची सवय थोडीच सुटते? तोंड वर, मान किंचित कलती, कान टीं-टींच्या वाटेवर. त्यांच्या पाठीमागे फाटक अर्धं उघडं होतं. बेकरीवाला आत भट्टीतून पत्रे काढत होता.

आणि उतारावर ट्रक दिसला.

ड्रायव्हरनं डोकं चालवलं होतं. गल्लीच्या वरच्या तोंडाशीच इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि उतारावरून नुसती घरंगळत सोडली. मागच्या फळीच्या साखळ्यांनासुद्धा चिंध्या बांधल्या होत्या. एवढं मोठं धूड, पण मांजर चालावं तसं येत होतं. काकूंना आधी कौतुकच वाटलं. किती शहाणा माणूस! नियम पाळावा तर असा.

मग त्यांची नजर ट्रकवरून स्टुलाकडे गेली, स्टुलावरून ट्रककडे आली.

अण्णा उठत नव्हते. कशाला उठतील? त्यांच्या लेखी गाडी आलीच नव्हती.

काकूंचं तोंड उघडलं. आवाज घशापर्यंत आला आणि तिथेच अडला, कारण मनात पहिलं काय आलं? बाळ उठेल. देवा रे, डोळ्यांदेखत माणूस चिरडला जातोय, आणि मनात आलं, बाळ उठेल! तो विचार पापणी लवेपर्यंतसुद्धा टिकला नाही. पण टिकला तेवढ्यात ट्रक हातभर पुढे सरकला.

"खांब! अण्णा, खांब!"

तो आवाज आपल्या नरड्यातून निघाला, हे काकूंना पटेना. अण्णा ताडकन उठले, पण ते खांबाकडे वळले की कुठे, हे दिसायच्या आत ट्रकची पाठ मध्ये आली. खाली कडकड आवाज झाला. लाकूड मोडल्याचा. की हाडाचा?

काकू जिना कशा उतरल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. पायात चपला नाहीत, खांद्यावर ओलं दुपटं तसंच. ड्रायव्हर हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून बसला होता, चेहरा मैद्यासारखा. बेकरीवाला हातातला तापला पत्रा टाकून धावत आला होता. चाकाखाली स्टुलाचा भुगा. आणि खांबाला पाठ चिकटवून अण्णा उभे होते. सदऱ्याची बाही खांद्यापासून फाटून ट्रकच्या कडीला लोंबत होती.

त्यांनी हात पुढे केला. तळव्याला थंड पत्रा लागला. बोटं फळीवरून फिरली, साखळीवरच्या चिंध्यांवर थांबली.

"गाडी कधी आली?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर कसाबसा म्हणाला, "अण्णा, तुम्ही हाक दिली नाहीत. मला वाटलं, नियम पाळताय, खांबाशी असाल."

"अरे गाढवा, तू भोंगा दिला नाहीस. मला वाटलं, तू अजून वरच्या रस्त्यावरच आहेस." मग त्यांनी तोंड काकूंच्या श्वासाच्या दिशेनं वळवलं. "आणि एवढ्यानं ओरडलं कोण? दंड होईल ना गं पोरी!"

काकूंनी ती फाटकी बाही कडीतून सोडवली आणि मुठीत धरली. "शिवून देते," एवढंच बोलता आलं. घरी येऊन सुई हातात घेतली, पण दोरा काही केल्या नेढ्यातून जाईना. बाळ रडून रडून लाल झालं होतं.

दुपारी त्या पुन्हा पालिकेत गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, नियम तुम्हीच मागितलात ना? आता समिती बसेल, मग बघू."

समिती बसेपर्यंत मैदा थोडाच थांबणार? दुसऱ्या दिवशी ट्रक वरच्या तोंडाशी उभा राहिला, इंजिन बंद. अण्णा खांबाशी उभे होते, पण डोळ्यांविना आणि टीं-टींविना ते काय सांगणार? ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "हाकेशिवाय मी ब्रेकवरचा पाय काढणार नाही. दंड झाला तर झाला."

काकू गॅलरीत आल्या. कठडा धरला. तोंड उघडलं, तर कालचा कडकड आवाज कानात आला आणि तोंड पुन्हा मिटलं.

"पोरी," खालून अण्णा म्हणाले, "मी खांबाशी आहे. हात लावून पाहिलाय. बोल तू."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. आवाज फाटका निघाला. मग मोठ्यानं, "येऊ दे... येऊ दे..."

आत पाळण्यात बाळ दचकलं आणि रडू लागलं. लेकीनं हाक मारली, "आई, अगं, उठलं ना ते!"

"उठू दे," काकू म्हणाल्या आणि खांबावरची नजर न काढता पुन्हा ओरडल्या, "येऊ दे, येऊ दे... बास! बास!"