म्हणे माझा आवाज बिघडलाय!

मी एक जुना संगणक बोलतोय. पण आधी सांगा, तुम्ही कोण? विचारल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलंय. माझी सुरुवातीची वर्षं एका कचेरीत गेली. तिथली माणसं पासवर्ड टाकताना शेजाऱ्यापासूनसुद्धा हात आड धरायची. साहेब नसले की माझ्यावरच पत्ते खेळायची आणि दारात पाऊल वाजलं की झटकन कामाचा तक्ता पुढं आणायची. अशा संगतीत वाढलेल्या माझा माणसाच्या सरळपणावर विश्वास बसेल तरी कसा?

पुढं कचेरीत नवी यंत्रं आली आणि मी सात रस्ता चौकाजवळ विरेशच्या दुकानात येऊन पडलो. विरेश जुने संगणक दुरुस्त करून विकायचा. त्यानं माझ्या पोटातली धूळ झाडली, एकदोन सुटे भाग बदलले आणि मला फळीवर मांडलं. तिथं मला न्यायला रत्नदीप आला. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात तिकिटं काढणारा माणूस.

"चार वर्षांच्या पोरीसाठी पाहिजे," तो म्हणाला. "बालवाडीत बोलतच नाही ती. बाई म्हणतात, जूनपर्यंत अशीच राहिली तर मोठ्या गटात घेता येणार नाही. शिकवणारं एखादं सॉफ्टवेअर असंल तर टाका."

"लई हायत की! गाणी, गोष्टी, गेम. सगळंच टाकून देतो."

"सगळं नको. मध्येच जाहिरात येते का? नेट लागतं का? पोरीनं भलतंच काही दाबलं तर काय होतं?"

विरेशच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण मला हा माणूस आवडला. माझ्याइतकाच संशयी होता. त्यानं एकेक गेम चालवून बघितला आणि नाकारला. एकात नुसता गोंगाट, दुसऱ्यात काहीही दाबलं तरी शाबासकी. शेवटी एक मराठी खेळ ठेवला. पडद्यावर रंगीत फुगे येतात, आतून एक बाई सांगते, "लाल फुगा फोड," आणि आपण लाल फुग्यावर बाण नेऊन दाबायचं. पोरीसाठी बाण मोठा करून घेतला, त्याची चाल हळू केली, इवल्या हातात मावेल असा माउस घेतला. इंटरनेट तर त्यानं जोडूच दिलं नाही.

त्यांचं घर यंत्रमागाच्या शेडला भिंतीला भिंत लागून. दिवसभर नुसता खडखडाट. त्या घरात हळू कोणी बोलतच नाही. मीठ मागायचं झालं तरी भांडण लागल्यासारखं ओरडायचं. रत्नदीपची आई भीमाबाई, तिचं सगळं आयुष्य मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात गेलेलं. तिथं शब्द कानावर पडत नाहीत, म्हणून बायका तोंड मोठं करून, हातवारे करून बोलतात. भीमाबाई घरातही तशीच बोलायची. नात तिच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायची.

"ह्ये काळं खोकं पोरीला काय शिकवणार?" मला बघताच भीमाबाई म्हणाली आणि तिनं माझ्यावर टॉवेल टाकला.

"आई, झाकू नको, गरम होतं ते."

"हू दे की!"

धम्मप्रिया मात्र गोड पोर होती. बिस्किटाचे हात फ्रॉकला पुसून मगच मला हात लावायची. घरात दोनचार शब्द बोलायची, तेही बोबडे. 'आमच्यात सगळीच उशिरा बोलली,' असं म्हणून घरच्यांनी ते सोडून दिलं होतं.

पण तिचं एक वागणं मला खटकायला लागलं. बाप शेजारी असला की ती बरोबर फुगे फोडायची. तो उठून गेला की लाल म्हटलं तरी निळा, पिवळं म्हटलं तरी निळा. मी मनात म्हटलं, पोरगी लबाड आहे. साहेब समोर आहेत तोवर शहाणी!

रत्नदीपला संशय माझा आला. "आवाज बिघडलाय याचा," म्हणत त्यानं विरेशकडून दुसरे स्पीकर आणले. मग वायर बदलली. मग खेळच पुसून पुन्हा भरला. अहो, माझा आवाज ठणठणीत होता! पण सांगणार कसं? जे भरलंय तेवढंच वाजवायचं, ही माझी जात. त्याच्या बायकोचा, रुपालीचा, संशय सासूवर. "आत्यांनी डोक्यावर चढवून ठेवलीय, म्हणून ऐकत नाही," ती म्हणायची. आणि भीमाबाईच्या मते पोरीला मीच येडं करत होतो. तेवढ्याशा घरात इतके संशय, आणि त्यांच्या मधोमध ती पोर मुकाट्यानं फुगे बघत बसलेली.

एकदा मी तिच्याकडं नीट बघितलं. माझ्यातून बाई बोलली की ती माझ्याकडं बघायचीच नाही. बापाच्या तोंडाकडं बघायची. आणि बाप नकळत पुटपुटायचा, "लाल, बाळा, लाल." माझ्या मनात पाल चुकचुकली. पण माझं ऐकणार कोण?

एका सुट्टीच्या दिवशी माग बंद होते. रुपाली मेथी निवडत होती. रत्नदीप पोरीशेजारी बसलेला.

"तुमीच सांगताय की तिला!" रुपाली एकदम म्हणाली. "उत्तर पुरवायचं आणि म्हणायचं, पोरीला येतंय."

"मी कुठं सांगतोय?"

"मग उठा. मागं दाराशी बसा आणि तितनं बोला. बघू की."

तो दाराशी जाऊन बसला. "हिरवा फुगा फोड," माझ्यातली बाई म्हणाली. पोरीनं शेजारी बघितलं. तिथं बाप नव्हता. तिनं निळा फोडला.

"हिरवा, बाळा," तो मागून म्हणाला. मग मोठ्यानं, "धम्मू!" मग त्यानं टाळी वाजवली. पोर वळली नाही. रुपालीच्या हातातली मेथी तशीच राहिली.

भीमाबाई पुढं आली, नातीसमोर वाकली आणि आवाज न काढता नुसतं तोंड हलवलं. हिरवा. पोरीनं खुदकन हसून हिरवा फुगा फोडला.

भीमाबाईनं नातीला कुशीत ओढलं. "पोरीला ऐकू येत न्हाय रं. आन मला वाटायचं, माजं बोलनं लई आवडतंय तिला."

रडायची सोय असती तर मीही रडलो असतो. लबाड म्हटलं होतं मी त्या लेकराला.

पुढं दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. थोडं ऐकू येतं, मशीन लावली तर पुष्कळ येईल, बोलायला मात्र चिकाटीनं शिकवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही कानांमागं मशीन लावून पोर घरी आली त्या दिवशी रत्नदीपनं मला सुरू केलं. ती दचकली. फुगे सोडून माझ्या बाजूला आली आणि तिनं माझ्या अंगावर हात ठेवला.

"आजी, कोन?"

"पंखा हाय त्यो, आतला," भीमाबाई म्हणाली. इतके दिवस मी तिच्यासमोर घरघरत होतो आणि तिला ते ठाऊकच नव्हतं.

मोठ्या गटाचं अजून ठरलेलं नाही. रोज थोडा वेळ ती माझ्यासमोर बसून शब्दांचा सराव करते. भीमाबाई शेजारी पहारा देते. माझ्यावर तिचा अजून विश्वास नाही, आणि नसलेलाच बरा.

तुम्हीही लेकरासाठी यंत्र घ्याल, तेव्हा आमची खुशाल उलटतपासणी घ्या. फक्त त्याआधी एक करा. लेकराच्या पाठीमागं उभं राहून त्याला हळूच हाक मारा. ते वळलं, तर मग या माझ्याकडं.