वाचला असे समजावे

"बुधवारच्या सभेत तू बोलायचंस," यान्को म्हणाला. माझ्या व्हरांड्यात बसून तो जर्दाळू खात होता आणि बिया स्वतःच्याच खिशात टाकत होता. "मी बोललो की लोक माझे उच्चार ऐकतात. मी काय म्हणालो ते कुणी ऐकत नाही."

"आणि माझं ऐकतात?"

"निम्म्या गावाला तू बेरीज शिकवलीस, आल्विन. निदान गप्प तरी बसतील."

मी हो म्हणालो.

गावात गॅसचा पंप एकच, लायलच्या दुकानाबाहेर, आणि दुकानामागे त्याची टाकीही एकच. इतकी वर्षं तीत निव्वळ प्रोपेन असे. आता पुरवठादार लायलला मिश्र गॅस द्यायला तयार होता. त्यात निम्म्याहून जास्त ब्यूटेन. लिटरमागे स्वस्त, आणि एका लिटरात गाडी थोडी पुढे जाते. टाकी एकच असल्यामुळे हे किंवा ते, असा प्रश्न होता. तो सभेपुढे आला, कारण गावाच्या मदत पथकाची फोर-व्हील याच पंपावर भरत असे. वर्गणीतून घेतलेली जुनी गाडी होती ती. मोठं सिलिंडर बसवायला तिची पेट्रोलची टाकी काढून टाकलेली, त्यामुळे ती फक्त गॅसवरच चाले. स्ट्रेचर, दोर, चाकांच्या साखळ्या, सगळं त्या एका गाडीत.

यान्को धरणाच्या बोगद्यांत काम करायला बाविसाव्या वर्षी स्लोव्हेनियातून आला, आणि काम संपल्यावर डोंगरावरच राहिला. गावापासून चौदा किलोमीटर कच्चा रस्ता. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडलं की तिथे पथकाची ती एकच गाडी पोचायची. तो दर पंधरवड्याला पुस्तकं बदलायला माझ्याकडे येई. गावात पुस्तकांबद्दल बोलायला मला तो एकटाच होता, आणि त्याला मी.

मी चार पानं लिहिली. शाळेतली रसायनशास्त्राची पुस्तकं पुन्हा काढून पाहिली, आकडे तीनदा तपासले. मुद्दा साधा होता. प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही वायू होतो. ब्यूटेन शून्याच्या आसपासच थांबतो आणि त्याखाली सिलिंडरात पाण्यासारखा बसून राहतो. उणे दहाच्या सकाळी मिश्र गॅसवरचं थंड इंजिन सुरू होईल याचा भरवसा नाही. उन्हाळ्यात याचा कुणाला पत्ता लागणार नाही, हेही मी लिहिलं होतं.

सभा फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात झाली. सगळे बाह्या वर करून बसले होते. पथकप्रमुख बार्नीने जानेवारीत चाचणी घेतली होती. तीच गाडी, तोच रस्ता, आधी प्रोपेन, मग मिश्र.

"दहा लिटरला तीन किलोमीटर जास्त," बार्नी म्हणाला. "मला यापलीकडे काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही."

"थंडीचं काय?" कुणीतरी विचारलं.

"हिवाळ्यात ते प्रमाण बदलून देतात," लायल म्हणाला. "मी विचारून घेतलंय. बाबांनो, मी काही तुम्हाला बुडवायला बसलो नाहीये."

मग मी उभा राहिलो. पहिलं वाक्य वाचलं, "प्रोपेन उणे बेचाळीस अंशांना उकळतो."

"मग प्रोफेसर, चहाला तोच वापरू या," मागून आवाज आला.

सगळे हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. मीसुद्धा हसलो. हसून पुन्हा कागदाकडे पाहिलं तर कुठल्या ओळीवर होतो ते सापडेना. मी पान उलटलं, परत मागे आलो. तेवढ्या वेळात मला वाटू लागलं की आकडे चुकलेच असतील, बार्नी गेली वीस वर्षं गाड्या चालवतोय, मी कोण?

सभेच्या चिटणीस थेल्माबाई. त्यांना माझी दया आली. "आल्विन, कागद इकडे दे. निबंध वाचला असं समजू या. हरकत नाही ना कुणाची? चहाबरोबरचे स्कोन गार होतायत."

कुणाची हरकत नव्हती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. त्यांचे उपकार वाटले. मतदानात मिश्र गॅसला एकतीस हात वर आले, आणि विरोधात फक्त माझा, तोही खांद्यापर्यंत.

यान्को सभेला आला नव्हता. पुढच्या वेळी पुस्तकं बदलायला आला तेव्हा त्याने विचारलं, "काय झालं?"

"मतांनी हरलो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सात वाजता पथकाचा वायरलेस लावताच त्यावर यान्कोचा आवाज आला, त्याच्या खिशातल्या सेटवरून. लाकडांची रास त्याच्या पायावर कोसळली होती. पाय निघत नव्हता, आणि तो तासभर तसाच बर्फात पडून होता. पथकाची शेड माझ्या घरासमोर आहे. मी स्वेटर घालून गेलो. भिंतीवरचा पारा उणे अकरा.

बार्नी किल्ली फिरवत होता. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा खोकलं.

"होईल आता," तो म्हणाला. "घेतेय ती. होईल."

दर वेळी ती घेतेय असंच वाटे, म्हणून दुसरं काही करून पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही. ज्या भागात द्रवाचा वायू होतो त्यावर गरम पाणी ओतावं, हे मला ठाऊक होतं. चौथ्या पानावर लिहिलंच होतं. मी दाराशी उभा राहिलो. एवढी साधी गोष्ट बार्नीला ठाऊक नसेल कशी, असं मनात म्हणत वीस-एक मिनिटं उभा राहिलो. शेवटी लायलच दोन किटल्या घेऊन धावत आला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्याला सुचलं होतं. टाकीत मे महिन्यातला माल होता, हिवाळ्याचा अजून आलाच नव्हता, हे तो पाणी ओतता ओतता स्वतःच सांगत होता. गाडी निघायला साडेआठ झाले. लायलच ती वर घेऊन गेला.

यान्कोच्या उजव्या पावलाचा पुढचा अर्धा भाग कापावा लागला. घोटा मोडला होता, पण पाऊल गेलं ते थंडीने, असं डॉक्टर म्हणाले.

चौकशी बसली. थेल्माबाईंनी इतिवृत्त काढलं. त्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं : "श्री. पास्को यांनी मिश्र गॅसच्या हिवाळ्यातील धोक्यावर निबंध सादर केला. निबंध वाचला असे समजण्यात आले." खाली माझी चार पानं जोडलेली. त्याची एक प्रत त्यांनी यान्कोला पाठवली. हेतू चांगलाच असणार.

मी कूमा शहरातल्या इस्पितळात गेलो तेव्हा ती पानं त्याच्या उशाशी होती.

"सगळं सांगितलं होतंस तू," तो म्हणाला. "गरम पाण्याचंसुद्धा. आणि मला नुसतं म्हणालास, मतांनी हरलो."

खरं सांगायचं ठरवूनच मी आलो होतो. गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

"हे ऐकून लायल काय म्हणाला?" त्याने विचारलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे कुणी ऐकलंच नाही. यान्को माझ्याकडे असा पाहत होता, जसं आमच्या गावात कुणी मला कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणाला, वर राहणाऱ्या एका माणसासाठी सगळ्या गावाने महागडा गॅस का भरायचा," मी म्हणालो.

कुठून आलं ते वाक्य, मला माहीत नाही. इतकं सफाईदार वाक्य मला चार पानांत एकदाही जमलं नव्हतं. यान्कोने मान हलवली. त्याला आश्चर्य वाटलं नाही. चाळीस वर्षं तो असल्याच वाक्याची वाट पाहत असावा.

तेवढ्यात लायल आला. हातात मँडरिन संत्र्यांची पिशवी, दाढी वाढलेली.

"कसा आहेस रे म्हाताऱ्या?"

यान्कोने तोंड भिंतीकडे फिरवलं. "एका माणसासाठी एवढ्या लांब कशाला आलास? गॅस महाग आहे."

लायलला काही कळेना. त्याने उशाजवळची पानं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. सभेत तो पहिल्या रांगेत बसला होता. मी किती वाचलं, हे त्याला ठाऊक होतं. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

तो बोलेल म्हणून मी थांबलो. त्याने बोलावं असंही मला वाटत होतं, निदान आता तसं वाटतं.

"भिंतीपाशी थंडी लागेल तुला," तो यान्कोच्या पाठीला म्हणाला, आणि त्याने पांघरूण वर ओढलं. यान्कोने ते खाली ढकललं. मग पिशवी माझ्या मांडीवर ठेवून लायल गेला.

"ती फळं बाहेर नेऊन टाक," यान्को म्हणाला. "आणि सप्टेंबरच्या चौकशीत हे सगळं पुन्हा सांग. मला खुर्चीत बसवून नेणार आहेत. या वेळी मी समोर असेन."

मी हो म्हणालो.