उठल्यावर शेजारी कोण

विजयमालाबाईंचा शेवटच्या दिवसावर पक्का विश्वास होता. कर्णा वाजणार, प्रभू पूर्वेकडून येणार, कबरी उघडणार आणि मेलेली माणसं उठून उभी राहणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तर फलटणच्या ख्रिस्ती कबरस्थानात सगळ्यांची डोकी पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. उठलं की प्रभू समोरच, मान वळवायचीही तसदी नको. बाईंचं भांडण होतं ते त्याच्या पुढच्या घटकेशी. दर्शन झालं, हात जोडून झाले, की त्यांचे नवरे दादासो शेजारी वळून बघणार. आणि शेजारी कोण असणार? तानुबाई!

तानुबाई ही दादासोंची पहिली बायको. रांगतं मूल मागे ठेवून ती तापानं गेली आणि वर्षभरात कुंडलहून विजयमालाबाई या घरात आल्या. त्या मुलाला त्यांनी वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तो शमुवेल आता शिरवळच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. इतक्या वर्षांत बाईंनी तानुबाईबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं? पण दादासो वारले, त्यांना तानुबाईशेजारी ठेवलं, आणि तेव्हापासून बाईंच्या पोटात दुखायला लागलं.

कारण असं, की देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्न लागताना नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहते. उजव्या हाताला उभा राहतो तो त्याचा दोस्त. आणि दादासोंच्या कबरीच्या पायाशी उभं राहून डोक्याकडच्या क्रुसाकडे बघितलं, की तानुबाई बरोबर डावीकडे! मोकळी जागा राहिली होती ती उजवीकडची. जन्मभर भाकऱ्या थापून शेवटी काय, दोस्त व्हायचं?

ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळी मंडळी आपापल्या कबरींना चुना लावायला आली होती. बाई ब्रश घेऊन बसल्या होत्या, शमुवेल बादलीत चुना कालवत होता. तेवढ्यात चर्चचे तरुण पाळकसाहेब हातोडा आणि लाकडी खुंट्या घेऊन आले. कबरस्थानात नवी वाट काढायची होती, त्याआधी ज्यांना घरच्यांजवळ जागा हवी त्यांनी ती सांगायची होती.

"सलाम आजी. ही मोकळी जागा तुमचीच ना? मारू खुंटी?"

"नगं," बाई म्हणाल्या. "मला कुंडलला न्या. माझ्या बापाशेजारी ठेवा."

शमुवेलच्या हातातली काठी थांबली. "आये, आगं काय बोलतीस? तू तकडं येकटी?"

"तिथं निदान कुनाची वळचण न्हाई."

पाळकसाहेबांनी खोदून खोदून विचारल्यावर बाईंनी मनातलं एकदाचं सांगितलं. साहेबांना हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. "आजी, तिथं नवराबायको असं काही उरत नाही. सगळे देवदूतांसारखे असतात."

"आवं, हुतील की देवदूत! मी कुठं न्हाई म्हंते? पर ती भर ज्वानीत गेली. ती उठंल टुनकन्. मी गुडघं धरून उठस्तवर ह्यांचं बोलणंबी सुरू झालं आसंल."

"गुडघे नवे मिळणार, आजी. सगळं शरीरच नवं."

"व्हय?" बाईंनी क्षणभर विचार केला. तेवढी एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली. "पर बाजू? बाजूचं काय?"

तोवर शमुवेल उठला होता. एवढा मोठा माणूस, पण त्यानं चप्पल काढली आणि बापाच्या कबरीच्या पायथ्याशी, गवतात, चक्क उताणा झोपला. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. आजूबाजूचे लोक चुना लावायचे थांबून बघायला लागले.

"आये, हे अण्णा झोपले. वाजीव कर्णा."

"आरं, लाज वाटती का?"

पाळकसाहेबांनीच तोंडानं कर्णा वाजवला. शमुवेल उठून उभा राहिला, तोंड गेटाकडे, पूर्वेला. मग त्यानं डावा हात लांब केला. हात गेला तो मोकळ्या जागेकडे.

"तू आजवर तोंड क्रुसाकडं करून बघत व्हतीस. अण्णांचं तोंड गेटाकडं आसणार. तुझी डावी ती त्यांची उजवी, आये!"

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा जागेकडे. दोन हातांनी हवेत हिशेब केला. मग त्या अशा हसल्या, की पलीकडच्या रांगेतल्या बायकाही हसल्या. एवढी वर्षं उगीचच जीव जाळला! त्या लगबगीनं गेल्या आणि मोकळ्या जागेवर मांडी ठोकून बसल्या. नवरीची जागा त्यांचीच होती.

पाळकसाहेबांनी खुंटी टेकवली.

बाई बसल्या जागेवरून पलीकडे बघत होत्या. दादासोंच्या कबरीआड तानुबाईची कबर जेमतेम दिसत होती, आणि तिच्या पलीकडे कोणी नव्हतं. थोडी अरुंद जागा, मग कुंपणाची भिंत. उठल्यावर तानुबाई काय करेल, हे त्यांच्या मनात आजवर कधी आलंच नव्हतं. नवऱ्याकडे कशाला बघेल ती? रांगतं पोर टाकून गेलेली बाई. ती आधी पोराचं विचारणार. आणि दादासो काय सांगणार? पोरगं कितवीत आहे, हे ज्यांना शाळेच्या दारात उभं राहून आठवायचं नाही, ते! बाईंना आधी हसूच आलं. मग डोळे भरून आले. तानुबाईचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते पहिल्यांदाच वाटलं.

"थांबा साहेब," त्या हात टेकत उठल्या. "ही खुंटी हितं नगं. त्या बाजूला मारा, तानुबाईच्या पल्याड."

"आजी, ती जागा अरुंद आहे."

"मी कुठं जाड हाय?"

शमुवेलला काही कळेना. "आये, मगाशी तर लय खूश झालीस. आता अण्णांना सोडून तिच्याजवळ?"

"तुझ्या अण्णांना काय ठावं हाय? तुला गोवर कवा आला, पयला दात कवा पडला, तू कशाला भितूस, कशाला हसतूस, कोन सांगंल तिला? उठल्या उठल्या ती माझं ल्येकरू कुठं हाय म्हनून इचारंल. तवा तिच्या शेजारी मी पायजे."

पाळकसाहेब गुपचूप पलीकडे गेले आणि खुंटी ठोकायला लागले. शमुवेल मात्र जागचा हलला नाही. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"आन् मी उठल्यावर कुनाकडं यायचं, आये?"

"आदी तिच्याकडं जायाचं," बाई म्हणाल्या. "तिनं तुला मोठा झालेला बघितला न्हाई रं. मी बघितलाय."