तोफेचा नवा चेंडू

"हाच! हा लाल!" आमच्या ह्यांनी चेंडू फळीवरून उचलून छातीशी धरला. "बघ कसा चकाकतोय."

"चकाकू दे. पण उचलताना तोंड वाकडं झालं, त्याचं काय?"

"तुला बोलिंगमधलं काय कळतंय!"

खरंच काही कळत नाही. कारखान्यातली ही बाप्ये माणसं सुट्टीच्या दिवशी गुळगुळीत लाकडावरून चेंडू सोडतात आणि समोरच्या सगळ्या पिना आडव्या झाल्या की पोरांसारखी नाचतात, एवढंच मला ठाऊक. पण तिथे ह्यांना सगळे 'तोफ' म्हणतात आणि तोफेची बायको म्हणून मलाही मान मिळतो. तो मला आवडतो, खोटं कशाला बोलू? गेल्या सामन्यात मात्र तोफेचा चेंडू हातातून निसटून मागेच आपटला आणि त्याला तडा गेला. "घामानं निसटला," असं हे सगळ्यांना सांगत सुटले. त्या दिवशी तिथे थंडीने माझे दात वाजत होते.

दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "दादा, तो दिसायला राजबिंडा आहे, पण जड आहे. हा घ्या." त्यांनी राखाडी रंगाचा एक चेंडू पुढे केला. "हलका आहे आणि जातो मात्र बरोबर जागेवर. पिना पाडायच्या असतील तर हाच."

"हा? हा घेऊन गेलो तर म्हणतील, तोफ थंडावली."

"म्हणू देत की," मी म्हटलं.

"म्हणू देत काय! आधीच फोरमन माझ्यावर डोळा ठेवून आहे." बोलले आणि जीभ चावली.

"बरं, हात द्या," बाई म्हणाल्या. "बोटं घालायची भोकं तुमच्या मापाची पाडावी लागतील." त्यांनी ह्यांचा अंगठा मापाच्या कडीत घातला. "घट्ट होतंय का सैल?"

ह्यांनी आधी वाकून अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे."

दुसरी कडी. पुन्हा आधी पाहिलं, मग उत्तर. तिसऱ्या वेळी हे लाल चेंडूकडेच बघत होते. अंगठा कडीत रुतून पांढरा पडला होता. "छान बसलंय," हे म्हणाले. बाईंनी कडी ओढून काढली तेव्हा कातडी सोलली, तरी ह्यांना पत्ता नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

हल्ली रोज सकाळी "तूच लाव गं शर्टाची बटणं" म्हणायचे आणि मी वेडी मनातून सुखावायची, की या वयात काय हे लाड!

"अहो, बोटं कधीपासून अशी आहेत?"

बाई उगाचच कपाटाकडे वळल्या.

"हळू बोल. झाले बरेच दिवस. बधिर होतात अधूनमधून."

हे कारखान्यात क्रेन चालवतात. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, बोटांनी दांडे ढकलून लोखंडाचे गठ्ठे इकडून तिकडे न्यायचे. खाली माणसं राबत असतात. माझा धाकटा भाऊही त्यांच्यातच.

"आणि दांडे कसे धरता?"

"बघून."

"आणि एखाद्या वेळी बघायचं राहिलं तर?" मी ओरडलेच. रडू येत होतं आणि रागही. "खाली माझा भाऊ असतो! हे सगळं या लाल चेंडूनं झाकणार होतात होय?"

ह्यांनी बाहीने चेंडू पुसला. पुसतच राहिले.

"वर असलो की सगळे मान वर करून माझ्याकडे बघतात गं. खाली येऊन काय करू मी?"

"मग कुठला देऊ, दादा?" बाईंनी हलकेच विचारलं.

"लाल."

माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात हे म्हणाले, "भोकं नका पाडू."

"अहो, मग टाकणार कसा?"

"टाकायचा नाहीये. घरी ठेवायचाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या वर चढायच्या आधी फोरमनला सांगतो. तुझ्या भावालाही मीच सांगेन. तू नको सांगूस."

बाईंनी पिशवी दिली, ती ह्यांनी घेतली नाही. चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरून, त्यावरची नजर जराही न काढता हे दाराकडे निघाले. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

"पायरी आहे हं," मी म्हटलं. "अजून एक. हं, आता सपाट आहे."