दहाव्यासाठी कावळा

बाबा गेले त्याच्या सातव्या दिवशी माझा भाऊ कौस्तुभ खाली दूध आणायला गेला आणि कावळ्याचं पिल्लू घेऊन वर आला.

"झाडावरून पडलंय. वाचवलं मी," तो म्हणाला. "परवा नाही, तेरवा दहावा. कावळे उपकार विसरत नाहीत, त्यावर संशोधन झालंय."

कौस्तुभला सगळं आधीच पक्कं करून ठेवायची सवय आहे. कोलकात्याच्या बालीगंजमध्ये तीस वर्षं काढली तरी आमचा दहावा मराठी पद्धतीनेच व्हायचा होता: भाताचा पिंड ठेवायचा, कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त, नाही शिवला तर काही इच्छा राहिली. आईला त्याचीच धास्ती होती. शेवटच्या रात्री बाबांनी आमरसाची दुसरी वाटी मागितली होती आणि साखरेमुळे तिने दिली नव्हती. पहाटे ते गेले. हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

पिल्लाला बुटांच्या खोक्यात ठेवून वर टेबललॅम्प लावला. कौस्तुभ त्याला दुधात बुडवलेला पाव भरवू लागला. समोरच्या तपतीदी येऊन बघून गेल्या. ते उडायला शिकतंय, आईबाप त्याला जमिनीवरच भरवतात, होतं तिथे ठेवून ये, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. त्यांनी शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं होतं.

"आँटी, मी वाचलंय," कौस्तुभ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कावळ्यांनी त्याच्या डोक्यात चोची मारल्या. दुपारपर्यंत कावळे बारा झाले. भेटायला येणारे छत्र्या उघडून फाटकातून पळत येत. बाबांच्या बँकेतले प्रभाकरकाका छत्रीशिवाय आले. दारात उभं राहून टक्कल दाबत म्हणाले, "शरद गेला, फार वाईट झालं. कापूस आहे का?"

"ते आपल्याला ओळखायला लागलेत," कौस्तुभ म्हणाला. त्याने बाबांची माकडटोपी घातली होती. जून महिना होता.

दहाव्याला गुरुजी बेहालाहून आले. गच्चीवर पानावर पिंड ठेवला. पाण्याच्या टाकीवर चाळीसएक कावळे बसले होते आणि सगळे कौस्तुभकडे बघत होते. भाताकडे एकानेही पाहिलं नाही.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी छत्रीखालून म्हणाले. "बोला त्यांच्याशी."

"बाबा, मी आईला माझ्याकडे पुण्याला नेईन," कौस्तुभ म्हणाला. एक कावळा त्याची टोपी घेऊन गेला.

"मला विचारलंस का रे?" आई म्हणाली.

"तुमची पुस्तकं कुणाला देणार नाही, बाबा," मी म्हणाले. काही झालं नाही.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू. शास्त्राला चालतो."

"गवताचा कावळा नको," आई म्हणाली. "खरा येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

मी खाली जाऊन खोकं आणलं.

"अगं, आता त्याला माणसाचा वास लागलाय. ते त्याला घ्यायचे नाहीत," कौस्तुभ म्हणाला.

मी पिल्लाला कठड्यावर ठेवलं. गच्ची शांत झाली. पिल्लाने एकदा आमच्याकडे पाहिलं, पंख पसरले आणि व्यवस्थित उडत शेजारच्या गच्चीवर गेलं. पाठोपाठ चाळीसच्या चाळीस कावळे गेले. एकही उरला नाही.

आम्ही तासभर थांबलो. भात वाळला. शेजारच्या गच्चीवर दोन कावळे पिल्लाला आळीपाळीने भरवत होते.

आई पिंडासमोर खाली बसली. "त्या रात्री यांनी आमरस मागितला होता," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "दुसरी वाटी. मी दिली नाही."

कौस्तुभने माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी छत्री मिटली.

"साखर किती होती?" त्यांनी विचारलं.

"तीनशे ऐंशी."

"जेवणाआधी?"

"आधी."

"मग पहिली तरी का दिलीत, वहिनी?"

"ऐकतायत कुठे ते," आई म्हणाली. "पहिलीसाठी अर्धा तास भांडले माझ्याशी."

"मिळाली ना?"

"मिळाली. बोटाने पुसून खाल्ली वाटी."

गुरुजींनी दर्भ मागून त्याचा कावळा वळला. तो नीट जमला नव्हता, चोच एका बाजूला झुकली होती. ते तो कौस्तुभकडे देऊ लागले.

"द्या इकडे," आई म्हणाली, आणि तिने तो भाताला टेकवला.